अर्धा मोर : पूर्व भागातल्या एका नातीचं प्रकरण

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घराचं आहे. घरात आजोबा, आजी, आई-वडील, सहावीतली मुलगी आणि तिसरीतला तिचा भाऊ. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि रस्त्यावर दोन्हींत थोडं कन्नड, थोडं दखनी मिसळून. मी त्या मुलीची वर्गशिक्षिका. नावं घेत नाही, कारण आमच्याकडे एक नाव घेतलं की चार गल्ल्यांत कळतं. मुलीला नात म्हणते आणि आजोबांना तात, कारण घरात त्यांना तातच म्हणतात. आजी म्हणजे अव्वा. घरच्यांना विचारून, त्यांना वाचून दाखवूनच हे लिहिलं आहे.

नातवंडांना आजोबांचा अभिमान वाटायला हवा, हे सगळेच म्हणतात. पण अभिमान वाटायला मुलाच्या हाताशी काय असावं लागतं, याचा विचार शाळेत फारसा होत नाही. या घरात तो करावा लागला, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

सुरुवात कुठून झाली

२०२३ साली राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळांना आजी-आजोबा दिवस साजरा करायला सांगितलं. तेव्हापासून सप्टेंबर जवळ आला की आमच्याकडे तयारी सुरू होते. आजी-आजोबांना ओवाळायचं, आजोबांना फेटा बांधायचा, एखादी आजी जात्यावरची ओवी म्हणते, मुलं नऊवारी आणि धोतर नेसून येतात. कार्यक्रम छान होतो, फोटो चांगले येतात. वर्गात आधी पाच-दहा ओळींचं लेखन घेतलं जातं : माझ्या आजी-आजोबांचा वारसा.

नातीने लिहिलं होतं, ‘माझे तात मोठे कलाकार होते. त्यांनी सोलापुरी चादरी विणल्या. सोलापुरी चादर जगात प्रसिद्ध आहे. मला माझ्या तातांचा खूप अभिमान वाटतो.’ अक्षर सुंदर, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तिने ते वर्गात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘मग त्यांनी विणलेली एक चादर आण की!’ दुसरीने विचारलं, ‘चादरीत मोर कसा काय येतो? वरून छापतात का?’

नातीला दोन्हींचं उत्तर देता आलं नाही. ती खाली बसली. मधल्या सुट्टीत मला म्हणाली, ‘बाई, माझं नाव कार्यक्रमातून काढा.’

आणखी एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती. शाळा सुटल्यावर तात तिला न्यायला येत, पण ते फाटकापाशी थांबत नसत. बरंच पुढे, किराणा दुकानाच्या आडोशाला उभे राहत. तसं त्यांना तिनेच सांगितलं होतं. तात फार मोठ्याने बोलतात, आणि तेलुगूतच बोलतात. फाटकापाशी त्यांनी हाक मारली की मुलं वळून बघायची, कुणी कुणी नक्कल करायची. वहीत अभिमान होता आणि फाटकापाशी संकोच होता. दोन्ही खरं होतं. बारा वर्षांच्या मुलीला त्यातलं एकच निवड म्हणणं चुकीचं ठरलं असतं.

तात कोण

सोलापूरच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या घरांची गोष्ट मोठी आहे, इथे लागेल तेवढीच सांगते. ही घरं तेव्हाच्या निजामाच्या तेलंगणातून आली, एकदम नाही, पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. हातात विणकाम होतं आणि गावी पोट भरत नव्हतं. सोलापुरात सुताचा बाजार होता, रेल्वे होती, १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल होती. मिलमध्ये सगळे मावले नाहीत. पुष्कळांनी घरात खड्डा खणून हातमाग बसवले. साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ या बाजूला आजही जुन्या घरांच्या आतल्या खोलीची ठेवण बघितली की माग कुठे असेल ते कळतं. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत शेड उभ्या राहिल्या. चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा हा सगळा समाज रस्त्यावर उतरतो.

तात आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. लहानपणी वडिलांच्या हातमागापाशी बसून कांड्या भरायचे, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळायचे. मिसरूड फुटायच्या आत चादरीच्या कारखान्यात लागले. आधी यंत्रमागावर, मग नक्षी काढणाऱ्या मास्तरांच्या हाताखाली ग्राफ भरायला शिकले आणि शेवटची बरीच वर्षं त्यांनी नक्षीच्या पट्ट्या कापल्या. म्हणजे मोर, कमळ, वेलबुट्टी जे काही चादरीवर दिसतं, ते मागाला समजेल अशा भोकांत उतरवायचं काम. कारखाना बंद पडला आणि काम संपलं.

तातांच्या घरात त्यांनी केलेली एकही चादर नाही. वर्गातल्या मुलाने सहज विचारलेला प्रश्न म्हणूनच नातीला इतका लागला. विणणाऱ्याची चादर विणणाऱ्याची नसते. ती मोजून, घड्या घालून, कारखान्याचं लेबल लागून बाजारात जाते. ज्याने मोर काढला त्याचं नाव चादरीवर कुठेच नसतं. घरात अंथरायला होती ती सुद्धा डाग पडलेली, कमी भावात मिळालेली, आणि ती झिजून कधीच पायपुसणं झाली होती. गायक आजोबांची ध्वनिफीत असते, पैलवान आजोबांची गदा असते. मजुरी केलेल्या आजोबांचं नातवंडाला दाखवता येईल असं काय असतं?

मी तातांना भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, ‘मी काय सांगू बाई तिथं? मजुरी केली. सगळ्या गल्लीनं केली.’ अव्वा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘सांगायला काय झालं? चांगलं बोलता येतंय की.’

वडिलांचं म्हणणं

खरा अडसर मधल्या पिढीचा होता, आणि तो अडसर मला पूर्ण पटण्यासारखा वाटला. नातीचे वडील गणवेशाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब बघतात. सोलापुरात गणवेशाचा धंदा आता मोठा आहे; मागावरून उठलेल्या घरांतली पुष्कळ मुलं त्यात आहेत. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, ‘मॅडम, तिला दुसरा विषय द्या. बतुकम्मा करू द्या, फुलं आणून देतो, साडी नेसवतो. माग नको.’

मी कारण विचारलं. आधी ‘असंच’ म्हणाले. मग चहा झाल्यावर बोलायला लागले. त्यांचं बालपण कारखान्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत गेलं. खोल्या कारखानदाराच्या. भिंतीपलीकडे माग. ‘मी दहावीचा अभ्यास त्या आवाजात केलाय. माग थांबला की आम्ही दचकून जागे व्हायचो. थांबला म्हणजे वीज गेली नाहीतर सूत संपलं, म्हणजे त्या आठवड्याला हात आखडता. तातांना खोकला लागला की आई दार लावून घ्यायची, सेठला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि आता शाळेत त्याला कला म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या. मला नाही जमत ते.’

असं बोलणाऱ्या बापाला वारसा कळत नाही, असं म्हणायला जीभ रेटत नाही. मागाच्या शेडमधली सुताची धूळ छातीत जाते, आवाजाने कान जातात, हे सोलापूरला कुणी नव्याने सांगायला नको. ज्यांनी मुलांना त्यातून बाहेर काढलं त्यांनी फार कष्टाने काढलं. ते मागचं दार लावून घेतात, कारण दार उघडं राहिलं तर पोर पुन्हा आत जाईल ही भीती असते. शाळा वरून येते आणि म्हणते, दार उघडा, आम्हाला फोटो काढायचा आहे.

बतुकम्माची सूचना मी नाकारली नाही. भाद्रपदाच्या अमावास्येपासून नऊ दिवस फुलांचा उतरता मनोरा रचून बायका त्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. आपल्या भोंडल्याच्या शेजारी बसेल असा तो सण आहे आणि पूर्व भागात तो मनापासून होतो. पण नातीच्या घरात ती गाणी अव्वांना येतात, तातांना नाहीत. आणि प्रश्न तातांचा होता. साडी नेसून फेर धरला असता तर वर्गाने टाळ्या वाजवल्या असत्या, पण मोर चादरीत कसा येतो हे तिला तरीही सांगता आलं नसतं. मी वडिलांना एवढंच म्हटलं की कार्यक्रमाचं राहू द्या, तिला फक्त तातांना प्रश्न विचारू द्या. त्यांनी मान हलवली. होकार होता की कंटाळा, कळलं नाही.

माळ्यावरचा कागद

नातीला मी एक वही दिली आणि सांगितलं, वर्गात विचारलेले दोन प्रश्न पहिल्या पानावर लिही आणि उत्तरं घरातून आण. पहिले काही दिवस वही कोरीच येत होती. तात म्हणायचे, ‘मागावर बसल्याशिवाय कसं सांगू?’

मग माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तिला एक गुंडाळी मिळाली. तिने ती उचलून शाळेतच आणली. जाड, पिवळा पडलेला ग्राफ कागद, घडीवर फाटलेला, बारीक चौकटी, त्यांतल्या काही लाल शाईने एकेक करून भरलेल्या. जवळून पाहिलं तर नुसते ठिपके. कागद लांब धरला की पिसारा. आणि मोर अर्धाच. डोकं, मान, एक पंख, पिसाऱ्याची एक बाजू, आणि मग सरळ उभी रेघ. रेघेपलीकडे काही नाही.

ती संध्याकाळी तातांना म्हणाली, ‘तात, तुम्ही मोर पुरा केला नाही. काम अर्धवट सोडलं?’

तातांना हे लागलं असावं. ज्याने आयुष्यभर हात चालवला त्याला अर्धवट म्हटलेलं सहन होत नाही. त्यांनी तिला समोर बसवलं आणि पुढचे दोन तास बोलत राहिले. नातीने वहीत उतरवलं ते असं, थोडं माझ्या शब्दांत.

चादरीवर मोर छापत नाहीत, तो धाग्यांतूनच येतो. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. कोणते उभे धागे वर उचलले आणि कोणते खाली राहिले, त्यावर धोटा, म्हणजे बाणा इकडून तिकडे नेणारं लाकूड, गेल्यानंतर कोणता रंग दिसेल ते ठरतं. साध्या कापडात एक सोडून एक उचलतात. मोर काढायचा तर दर ओळीला वेगळे धागे उचलावे लागतात, आणि ते माणसाच्या हाताने लक्षात ठेवणं शक्य नाही. म्हणून मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवतात. त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. एका पट्टीवर एका ओळीचा हिशेब. जिथे भोक आहे तिथली सुई आत जाते आणि तिचा आकडा, म्हणजे हूक, धागा घेऊन वर उचलला जातो. जिथे भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते, धागा खाली राहतो. धोटा गेला, फणीने ठोकलं, पट्टी सरकली, पुढची आली. मोठ्या नक्षीला अशा शेकड्यांनी पट्ट्या लागतात, आणि माळ संपली की पुन्हा पहिलीपासून सुरू.

सोलापुरी चादरीची दुसरी बाजूही वाया जात नाही. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर उलटल्यावर पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. वरचा धागा खाली गेला की तिथेही तोच मोर उमटतो. नातीने हे घरातल्या नव्या चादरीवर बघितलं, रोज अंगावर घेत होती तरी पहिल्यांदा.

आणि अर्धा मोर? मागावर एकेका आकड्याला दोन दोऱ्या बांधलेल्या असतात, एक डावीकडच्या धाग्याला, एक तेवढ्याच अंतरावरच्या उजवीकडच्या. डावा उचलला की उजवा आपोआप उचलला जातो. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या असतील तर नक्षी अर्धीच काढायची. दुसरी बाजू माग स्वतः भरतो. समोरासमोर दोन मोर येतात ते असेच.

तातांनी अजून एक सांगितलं. भोक चुकलं तर डाग एकदा पडत नाही. माळ फिरून जितक्या वेळा येईल तितक्या वेळा, प्रत्येक चादरीत, त्याच जागी तोच डाग. म्हणून पट्ट्या कापून झाल्यावर ते ग्राफशी एकेक ओळ पडताळून बघत, आणि त्या वेळी कुणाशी बोलत नसत.

हातात काम आलं तेव्हा

इथपर्यंत नात ऐकत होती. बदल झाला तो तिच्या हातात काम आलं तेव्हा.

तातांनी लाकडाच्या जुन्या चौकटीला खिळे ठोकून दिले. चोवीस उभे धागे, लोकरीचे. तिने नक्षी स्वतः निवडली : सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे सजवलेली उंच काठी. संक्रांतीला सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात तेव्हा ती दरवर्षी वडिलांच्या खांद्यावरून ते बघत आली होती. घर तेलुगू, दैवत मार्कंडेय, आणि नक्षीला नंदीध्वज. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सोलापूरच्या मुलाला वाटणारही नाही. गणिताच्या चौकटीच्या वहीत तिने अर्धाच नंदीध्वज काढला, उभ्या रेघेपर्यंत.

पट्ट्यांसाठी लग्नपत्रिका कापल्या. भोकांसाठी शाळेतलं कागद पंच करायचं यंत्र मी दिलं. चोवीस धाग्यांना चोवीस खुणा. तिने पहिली पट्टी घेतली, मधोमध दुमडली आणि एकदाच भोकं पाडली. उघडली तर दोन्ही बाजूंना सारखी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तात हातातला चहा खाली ठेवून बघत राहिले. मग अव्वांना हाक मारून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, ती पट्टी दाखवली.

विणताना पाचव्या-सहाव्या ओळीला घडी तिरपी बसलेली एक पट्टी आली आणि नंदीध्वज वाकडा झाला. नातीला तो तसाच ठेवायचा होता. फार दिसत नाही, म्हणाली. तातांनी उसवायला लावलं. चार ओळी उसवल्या, पट्टी नवी केली, पुन्हा विणलं. ती रडली. मी त्या दिवशी तिथे असते तर कदाचित म्हणाले असते, राहू द्या, लहान आहे. बरं झालं मी नव्हते. त्या उसवण्यातून तिला तातांचं काम जेवढं कळलं तेवढं दोन तासांच्या बोलण्यातून कळलं नसेल. ‘कलाकार’ हा शब्द तिने वहीतून त्यानंतर खोडला आणि वर लिहिलं, ‘तात नक्षीच्या पट्ट्या कापायचे. त्यांची पट्टी चुकायची नाही.’

याच दिवसांत एकदा धागा तुटला. वडील शेजारी बसून मोबाईल बघत होते. त्यांनी मोबाईल खाली ठेवला, दोन टोकं बोटांत धरली आणि क्षणात गाठ मारली, इतकी बारीक की हात फिरवला तरी लागेना. नातीने विचारलं, ‘नाना, तुम्हाला येतं?’ ते म्हणाले, ‘लहानपणी कांड्या भरायचो, गाठी मारायचो.’ हे मुलीला तोवर माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत आले. म्हणाले, कार्यक्रमात बोलू दे तिला, पण एका अटीवर. गोड गोड नको. कानाचं सांगायचं, खोकल्याचं सांगायचं, चादर घरी नव्हती ते पण सांगायचं.

मला ही अट फार मोलाची वाटते. त्या घराच्या वारशात मोर आहे आणि मोराबरोबर ऐकू न येणारा कानही आहे. मुलांना त्यातलं एकच दिलं तर ती थोड्या दिवसांनी आपणच दुसरं शोधून काढतात, आणि तेव्हा त्यांना वाटतं की मोठ्यांनी फसवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी

तात आले, पण मंचावर बसले नाहीत, फेटाही बांधून घेतला नाही. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. नातीने अर्धा मोर फळ्यावर लावला आणि लग्नपत्रिकांच्या पट्ट्यांची माळ दोरीवर टांगली. समजावताना तिने ताणा आणि बाणा यांचा क्रम उलटा सांगितला. तात खुर्चीवरूनच तेलुगूत ओरडले. सगळी मुलं हसली.

नात थांबली. मग म्हणाली, ‘तात सांगतायत, आधी ताणा. त्यांचं बरोबर आहे. ते मोठ्यानं बोलतात कारण त्यांना कमी ऐकू येतं. कारखान्यात इतके माग एकदम चालायचे की शेजारच्याला हाक मारायची तरी ओरडावं लागायचं. तिथं त्यांचे कान गेले.’ आणि पुढे सांगायला लागली. मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने नंतर पट्टी मागून घेतली, डोळ्याला लावून भोकांतून बघितलं आणि विचारलं, ‘मला एक करून देशील?’

एक प्रसंग मला खटकला, तो नोंदवते. कार्यक्रमानंतर एका पाहुण्यांनी नातीची पाठ थोपटून सांगितलं की या पट्ट्यांवरूनच पुढे कॉम्प्युटर आला, म्हणजे तुझे आजोबा एका अर्थी प्रोग्रॅमरच! माहिती म्हणून ती पुष्कळ अंशी खरी आहे. फ्रान्समध्ये जकार्ड नावाच्या माणसाने १८०४च्या सुमारास हे यंत्र आणलं, आणि भोकांच्या पट्ट्या पुढे गणनयंत्रांत वापरल्या गेल्या. विज्ञानाच्या तासाला मी ते सांगेनही. पण तातांचं काम मोठं ठरवायला कॉम्प्युटरची शिफारस कशाला हवी? बारा वर्षांच्या मुलीला त्यातून कळतं ते एवढंच की चादर विणणं स्वतःच्या बळावर पुरेसं नव्हतं. तिला तोवर तसं वाटत नव्हतं.

शहर म्हणून आपण मुलांना अभिमानाच्या जागा तयार देतो. १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चार हुतात्मे आमच्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ आहेत. चीनमध्ये रुग्णसेवा करताना गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत. ते असायलाच हवं. पण १९३०च्या त्या लढ्यात गिरणी कामगार रस्त्यावर होते, आणि त्या कामगारांची पणतवंडं आज आमच्या वर्गात बसतात. आपल्या घरातला माणूस आणि चौकातला पुतळा यांच्यात काही धागा आहे, हे त्यांना कुणी दाखवत नाही.

काय बदललं, काय नाही

तात आता फाटकापाशी उभे असतात. मुलं अजूनही वळून बघतात. नक्कल करणारा एखादा असतोच, पण नात आता मान खाली घालत नाही.

धाकट्या भावाला यातल्या कशातच रस नाही. त्याला चौकटीवरचे खिळे उपटायला आवडतात. त्याच्यामागे लागायचं कारण मला दिसत नाही. त्याचा प्रश्न त्याला पडेल तेव्हा पडेल.

नातीला घरात खरा हातमाग हवा आहे. वडिलांनी नाही म्हणून सांगितलं, आणि मी त्यांच्या बाजूने आहे. आजोबांच्या कामाचा अभिमान वाटणं वेगळं आणि ते काम पुढे चालवायचं ओझं वेगळं. पहिल्याच्या बदल्यात दुसरं मागितलं तर मुलं पहिलंही टाकून देतील. ७ ऑगस्टच्या हातमाग दिनाला तिला घेऊन चालता माग बघायला जायचं, एवढं मात्र वडिलांनी कबूल केलं आहे.

शाळेत आम्ही लेखनाचा प्रश्न बदलला. आजी-आजोबा कोण होते, हे आता विचारत नाही. त्यांना काय करता येतं आणि त्यातलं तुला काय शिकवलं, हे विचारतो. पहिल्या प्रश्नाला पाटील, मास्तर, फौजदार यांच्या नातवंडांकडे उत्तर असतं आणि बाकीची गप्प बसतात. दुसऱ्या प्रश्नावर यंदा कुणी कडक भाकरी थापायचं लिहिलं, कुणी विहिरीत पोहायचं, एकीने दावणीची गाठ.

पण वर्गात किमान दहा मुलांच्या आज्या विड्या वळतात, आणि त्यांच्यापैकी एकानेही विडीचं नाव काढलं नाही. नातीने सुद्धा नाही. मागाचे पैसे कमी पडत तेव्हा तिच्या वडिलांची फी अव्वांच्या विड्यांतून भरली गेली, हे मला तातांनीच सांगितलं. तेंदूचं पान भिजवायचं, साच्याने कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोऱ्याने बांधायचं, दिवसाला हजाराच्या घरात, घरचं सगळं सांभाळून. पूर्व भागाचा अर्धा संसार या बोटांवर चालला. पण हातात तंबाखू आहे, म्हणून शाळेत ते कसं मांडायचं हे मलाही सहज सुचत नाही. विडीचं कौतुक मला मुलांसमोर करायचं नाही. अव्वांच्या कष्टांबद्दल गप्प बसायचंही नाही.

यंदा मी सुरुवात घरापासून करणार आहे. विडी कामगार बायकांनी कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या संघटनेबरोबर वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि त्यातून सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ साली. माझ्या वर्गातली तीन मुलं तिथूनच बसने येतात. घर कसं मिळालं, हा प्रश्न त्यांनी आपापल्या आजीला विचारून यायचा आहे. अव्वा स्वतः कुंभारीला राहत नाहीत, पण मोर्चाला गेल्या होत्या. नातीला मी तेवढं सांगितलं आहे. पुढचं ती विचारेल.